तोंडातील पांढरी जाळी : लायकेन प्लॅनसची ओळख

भुसावळ तालुक्यातील वरणगाव परिसरात तिखटाशिवाय जेवणाची कल्पना करणे कठीण. शेवभाजीचा झणझणीत रस्सा, वांग्याचे भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे खानदेशी जेवणातील नित्याचे पदार्थ होत. पहिल्या घासालाच तोंडाची आग होऊ लागली, तर ‘उष्णता झाली’ किंवा ‘तोंड आले’ असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. साधे तोंड आले असेल, तर ते बहुधा आठ-पंधरा दिवसांत बरेही होते. परंतु आग महिनोन्महिने टिकली आणि गालांच्या आतील बाजूस पांढऱ्या रेषांची जाळी दिसू लागली, तर तो ‘लायकेन प्लॅनस’ हा विकार असण्याचा संभव असतो.

लायकेन म्हणजे मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल ज्या वर्गातील आहे ती वनस्पतीसदृश वाढ, आणि प्लॅनस म्हणजे सपाट. इंग्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ साली या विकाराला हे नाव दिले. नाव दगडफुलावरून पडले असले, तरी हा विकार बुरशीचा नाही आणि जंतूंचाही नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. रुग्णाची ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे काहीच कारण नाही.

लक्षणे

हा विकार मुख्यतः मध्यम वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. त्याचे नेहमीचे रूप म्हणजे दोन्ही गालांच्या आत सारख्याच उमटलेल्या बारीक, पांढऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या रेषा. या रूपात पुष्कळदा कोणताही त्रास होत नाही. दात तपासताना त्या अवचित नजरेस पडतात. दुसऱ्या रूपात त्वचा पातळ व लालभडक होते, तर तिसऱ्यात तिच्यावर व्रण पडतात. मग तिखट, गरम वा आंबट पदार्थ सोसवत नाहीत आणि हिरड्या सोलल्यासारख्या दिसतात. काही रुग्णांच्या मनगटावर वा पायांवर खाजणारे, जांभळट, सपाट पुरळही उठतात.

ऊतकात काय घडते?

तोंडाच्या आतील अस्तर पेशींच्या अनेक थरांचे असते. त्यांतील सर्वांत खालचा थर नव्या पेशी निर्माण करतो. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी या विकारात याच थरावर हल्ला करतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या लगत खाली या पेशींची पट्ट्यासारखी दाट गर्दी दिसते. तळच्या थरातील पेशी नष्ट झालेल्या असतात आणि मेलेल्या पेशींचे गुलाबी गोळे मधूनमधून आढळतात. अस्तराची खालची कड काही ठिकाणी करवतीच्या दातांसारखी होते. वरचा थर जाड होतो, तेथे पांढरी रेष उमटते; अस्तर झिजते, तेथे लाली व आग होते.

निदान का हवे?

तोंडातील प्रत्येक पांढरा डाग लायकेन प्लॅनसचा नसतो. बुरशीचा पांढरा थर पुसला असता बहुधा निघतो. ही जाळी निघत नाही. सुपारी व गुटख्यामुळे होणाऱ्या विकारात गाल ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. तंबाखू वा मिसरी लावण्याच्या जागी पडणारा पांढरा चट्टा बहुधा एकाच बाजूस असतो. काही औषधांमुळे किंवा दातांत भरलेल्या चांदीच्या मिश्रणामुळेही हुबेहूब अशी जाळी उमटते. म्हणून शंका असेल तेथे लहानसा तुकडा काढून ऊतक-तपासणी करणे आवश्यक ठरते.

या विकारातून कर्करोग होण्याचा धोका थोडा असला, तरी तो शून्य नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी भारतातील ७२२ रुग्णांच्या निरीक्षणांवरून १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांपैकी ३ जणांना पुढे मुखाचा कर्करोग झाल्याचे आढळले. म्हणजे भयभीत होण्याचे कारण नाही; मात्र दुर्लक्ष करणेही परवडणारे नाही. लाल व व्रणयुक्त जागांकडे विशेष लक्ष हवे.

उपाय

हा विकार मुळापासून नाहीसा करणारे औषध नाही. परंतु वैद्यकीय सल्ल्याने लावण्याच्या स्टेरॉइड मलमाने आग व व्रण आटोक्यात येतात. तिखट कमी करणे, दात स्वच्छ ठेवणे आणि तंबाखू, सुपारी व मद्य वर्ज्य करणे हितावह होय. त्रास थांबला, तरी ठरावीक काळाने तपासणी चालू ठेवावी.

ग्रामसभा, महिला मंडळ किंवा पालकसभेत एवढी माहिती सांगितली, तरी पुष्कळ साधेल. तोंडातील डाग, लाली वा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर घरगुती उपायांत आणखी काळ न दवडता त्या व्यक्तीला दंतवैद्याकडे किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात पाठवावे. तपासणीत लायकेन प्लॅनस आढळला, तर मनातील भीती जाते. अधिक गंभीर काही आढळले, तर उपचार वेळेवर सुरू होतात.