कोळशाला निरोप

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम शहराजवळ सोअर नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या परिसरात रॅटक्लिफ येथे दगडी कोळशावर चालणारे एक प्रचंड वीज केंद्र होते. पाणी निवविण्याचे त्याचे आठ उंच मनोरे आगगाडीतून जाणाऱ्या प्रवाशांस दुरूनच दिसत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी हे केंद्र कायमचे बंद झाले. यंत्रे मोडली होती काय? नाही. जगातील कोळसा संपला होता काय? तेही नाही. कोळशाची वीज थांबवावयाची असे ब्रिटनच्या सरकारनेच ठरविले होते, आणि रॅटक्लिफ हे त्या देशातील कोळशाचे अखेरचे वीज केंद्र होते.

ही घटना साधी नव्हे. ब्रिटनच्या यंत्रयुगाचा पायाच मुळी कोळशावर घातलेला. लोकांना वीज पुरविणारे जगातील पहिले कोळशाचे केंद्रही १८८२ साली लंडनमध्येच, होल्बर्न व्हायाडक्ट येथे सुरू झाले. तेव्हापासून १४२ वर्षे हा अग्नी धगधगत राहिला. मग तो विझविण्याची बुद्धी का झाली?

याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने निरनिराळे वायू एका नळीत भरून त्यांतून उष्णता जाऊ दिली. प्राणवायू व नत्रवायू यांतून ती बहुतांशी पार गेली. परंतु पाण्याची वाफ आणि कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, यांनी ती अडवून धरली. कोळसा जळला की हाच कर्बवायू हवेत मिसळतो. पृथ्वीवरून आकाशाकडे परत जाणारी उष्णता तो अडवितो, आणि वातावरण हळूहळू तापत जाते. शिवाय हा वायू लवकर नाहीसा होत नाही. होल्बर्नच्या धुराड्यातून निघालेल्या वायूचा काही अंश आजही हवेत आहे.

२००८ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने हवामान बदलासंबंधी कायदा केला. त्यात एक चतुराई होती. दूरच्या वर्षाचे वचन देणे सोपे असते, कारण ते पाळण्याची वेळ येईपर्यंत वचन देणारा मंत्री पदावर उरत नाही! म्हणून दर पाच वर्षांसाठी देशाने किती कर्बवायू सोडावा याची मर्यादा आधीच ठरवावी, असे बंधन कायद्याने घातले. घरात आई महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधते, तसेच हे अंदाजपत्रक. फक्त येथे हिशेब पैशांचा नसून वायूचा. सरकारवर लक्ष ठेवण्यासाठी तज्ज्ञांची एक स्वतंत्र समितीही नेमण्यात आली. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०५० पर्यंत, हवेत जाईल तेवढाच वायू हवेतून काढून घेतला जावा, असे ध्येय ठरले. सरकारच्या योजना अपुऱ्या असल्याचा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २०२२ आणि २०२४ अशा दोन वेळा दिला. आपणच केलेल्या कायद्यापुढे सरकारला मान तुकवावी लागली.

तथापि केवळ मर्यादा आखून धुराडी थंडावत नाहीत. २०१३ पासून वीज केंद्रांनी सोडलेल्या कर्बवायूवर जादा आकार बसविण्यात आला. पुढे तो टनामागे १८ पौंडांवर स्थिरावला. कोळशाची वीज महाग झाली. दुसरीकडे समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्यांना सरकारने विजेच्या भावाची हमी दिली. आपल्याकडे शेतकऱ्याला हमीभाव मिळतो, त्याची येथे आठवण होईल. बाजारभाव हमीपेक्षा खाली गेला, तर फरक भरून मिळे. मात्र भाव वर चढला, तर जादा रक्कम त्यांना परत करावी लागे. या भरवशावर उत्तर समुद्रात शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०१२ साली देशाची सुमारे ४० टक्के वीज कोळशापासून मिळत होती. २०२४ साली वाऱ्यापासूनच सुमारे ३० टक्के मिळाली.

यावरून सारे काही उत्तम झाले असे मात्र समजू नये. कोळशाची पुष्कळशी जागा प्रथम नैसर्गिक वायूने घेतली. त्याच्या ज्वलनातूनही कर्बवायू निघतोच, कोळशाच्या मानाने कमी एवढेच. यॉर्कशायरमधील ड्रॅक्स येथील मोठ्या केंद्रात कोळशाऐवजी अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळतात. तोडलेल्या झाडांच्या जागी नवी वाढतील, म्हणून वीज केंद्राच्या हिशेबात त्यांचा वायू शून्य धरतात. हा हिशेब अनेक शास्त्रज्ञांस पटत नाही, आणि त्यांची शंका रास्त वाटते. कारण झाड जळावयास काही क्षण लागतात, वाढावयास अनेक वर्षे. तसेच परदेशांत तयार होऊन ब्रिटनमध्ये येणाऱ्या मालाचा धूर त्या त्या देशांच्या नावे मांडला जातो.

रॅटक्लिफ येथे अखेरीस सुमारे १७० कामगार होते. शेवटच्या दिवशी ते भोजनगृहात एकत्र जमले आणि यंत्रे थांबत असताना पडद्यावर पाहत राहिले. घरे उबदार ठेवण्यासाठी तेथील बहुसंख्य कुटुंबे मात्र अजूनही नैसर्गिक वायूच जाळतात.