हातानें केलेलें धीराचें पत्र

दुसऱ्याच्या सुखांत सहभागी होणें सोपें असतें, दुःखांत सहभागी होणें कठीण जातें. लग्नाचें, बारशाचें किंवा परीक्षेंतील यशाचें वर्तमान कळलें म्हणजे आपण विलंब न लावतां अभिनंदन करतों. परंतु एखाद्याच्या घरीं मोठा आजार आला, पीक गेलें, घरचें माणूस दगावलें किंवा मुलगा नापास झाला, म्हणजे आपली वाचाच बसते. काय बोलावें हें सुचत नाहीं, भलतेंच बोललें जाईल अशी भीति वाटते, आणि शेवटीं आपण त्या घरावरून मान खालीं घालून निघून जातों. मनांत सहानुभूति असते, पण ती त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोंचत नाहीं. आंतल्या माणसांना इतकेंच दिसतें कीं, लोक आपल्याला टाळूं लागले. अशा वेळीं जें तोंडानें साधत नाहीं तें हातानें साधतां येतें, आणि स्वतः तयार केलेलें लहानसें शुभेच्छापत्र हें त्याचें उत्तम साधन होय. तें कां उपयोगी पडतें, कसें करावें आणि त्यांत काय लिहावें, याचा थोडासा विचार येथें करूं.

आपल्या भागांत अशीं निमित्तें दूर शोधावीं लागत नाहींत. पूर्णा नदीवरील येलदरीचें धरण १९६८ सालीं पूर्ण झालें. त्याच्या पाण्यावर शेती भिजते व वीज निघते. परंतु पावसानें पाठ फिरविली म्हणजे हाच जलाशय आटतो, आणि पाऊस अति झाला म्हणजे दरवाजे उघडावे लागून खालच्या नदीकांठच्या शेतकऱ्यांच्या पोटांत गोळा उठतो. २०१६ सालीं लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच मराठवाड्यांत २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत अतिवृष्टीनें उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. अशा प्रसंगीं धान्य, वस्त्र व पैसा यांची गरज पहिली. पत्रानें कोणाचें पोट भरत नाहीं, हें आपण विसरूं नये. परंतु मदत वांटून माणसें परत गेलीं म्हणजे मागें जें एकटेपण उरतें, त्यावर धान्याचें पोतें हा उपाय नव्हे. तेथें दोन आपुलकीच्या ओळींचें काम असतें.

कोणी म्हणेल, बाजारांत सुंदर छापील कार्डें मिळत असतां हा खटाटोप कशाला? याचें उत्तर छापील पत्राच्या जन्मकथेंतच आहे. १८४३ सालीं लंडन येथें हेन्री कोल नांवाच्या गृहस्थांना नाताळांत स्नेह्यांना पत्रें लिहिण्यास सवड होईना. म्हणून त्यांनीं जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें व त्याच्या एक हजार प्रती छापून घेतल्या. विक्रीसाठीं छापलेलें पहिलें नाताळपत्र तें हेंच. म्हणजे छापील पत्र निघालें तें मुळीं वेळ वांचविण्यासाठीं. आनंदाच्या सणाला त्यांत कांहीं वावगें नाहीं. पण दुःखी मनुष्याला नेमकें हेंच हवें असतें कीं, कोणीतरी आपल्यासाठीं वेळ खर्च केला. हाताच्या पत्रांत तो खर्च केलेला वेळ उघड दिसतो. रेघ थोडी वांकडी आली, रंग किंचित् फुटला, तरी ‘हें माझ्याचसाठीं केलें’ असें तें पत्र सांगतें.

लहान मुलाच्या हाताला किती मोल येऊं शकतें याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील मुलांना अन्न व औषधें पुरविण्याचें काम संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफ या संस्थेनें चालविलें होतें. चेकोस्लोव्हाकियांतील एका खेड्यांत यित्का साम्कोवा नांवाची सात वर्षांची मुलगी होती. त्या मदतीबद्दल आभार मानावे असें तिच्या मनानें घेतलें. कागद मिळेना, तेव्हां तिनें कांचेवर चित्र रंगविलें. एका उंच खांबाभोंवतीं फेर धरून नाचणाऱ्या मुलांचें तें चित्र होतें. १९४९ सालीं युनिसेफनें तेंच छापून आपलें पहिलें शुभेच्छापत्र काढलें. पुढें अशा पत्रांच्या विक्रींतून जगांतील मुलांसाठीं मोठा निधि उभा राहिला.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण याहून बोलकें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं आनंदवन वसविलें. त्यासाठीं महारोगी सेवा समिति ही संस्था १९४९ सालीं स्थापन झाली. ज्यांना गांवानें बाहेर घातलें, त्यांनीं तेथें शेती केली, कापड विणलें, घरें बांधलीं. तेथील हस्तोद्योगांत शुभेच्छापत्रें तयार करण्याचाहि समावेश झाला. ज्यांच्याकडे जग दयेनें किंवा भीतीनें पाहत होतें, तेच जगाला शुभेच्छा पाठवूं लागले! धीर देण्यासाठीं मनुष्य स्वतः सुखी असावा लागतो असें नाहीं, हें त्यांच्याकडून शिकावें.

पत्राचा खरोखर परिणाम होतो काय, हें शास्त्राच्या कसोटीवरहि पाहिलें गेलें आहे. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनीं १९६९ सालापासून एक प्रयोग केला. तीव्र खिन्नतेमुळें किंवा जीव नकोसा वाटल्यामुळें रुग्णालयांत राहून आलेल्या, परंतु पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे त्यांनीं दोन गट केले. एका गटाला पांच वर्षांत २४ लहान पत्रें पाठविलीं, दुसऱ्याला पाठविलीं नाहींत. पत्रांत उपदेश नव्हता, कसली मागणी नव्हती. तुमची आठवण आहे, बरें चाललें असावें, कांहीं कळवावेंसें वाटलें तर आम्हांला आनंदच होईल, एवढाच काय तो आशय. पहिल्या दोन वर्षांत पत्रें मिळणाऱ्या गटांत आत्महत्येचें प्रमाण लक्षांत येण्याइतकें कमी राहिलें. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. येथें ती काडी कागदाची होती. शिवाय २०१८ सालीं अमित कुमार व निकोलस एप्ली या संशोधकांनीं कृतज्ञतेच्या पत्रांविषयीं असें दाखविलें कीं, लिहिणाऱ्याला वाटणारा संकोच अवास्तव असतो, आणि पत्र मिळणाऱ्याला होणारा आनंद त्याच्या कल्पनेपेक्षां पुष्कळ अधिक असतो. तेव्हां ‘त्यांना काय वाटेल?’ या शंकेनें हात आंखडूं नये.

आतां कृतीकडे वळूं. पहिली गोष्ट कागदाची. हातकागदाची परंपरा मराठवाड्याला परकी नाहीं. दौलताबादेजवळ कागजीपुरा नांवाचें गांव आहे. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी देवगिरीस आणली, त्या काळापासून तेथें चिंध्यांपासून कागद होत आला, असें सांगतात. १९४० सालीं महात्मा गांधींच्या प्रेरणेनें पुण्यासहि हातकागदाची संस्था निघाली. घरीं करावयाचा असेल तर जुन्या वह्यांच्या कोऱ्या कडा बारीक फाडून रात्रभर भिजत घालाव्या, कुटून लगदा करावा आणि तो परातभर पाण्यांत कालवावा. लांकडी चौकटीला जाळीचें कापड ताणून बसवावें व ती चौकट त्या पाण्यांत बुडवून सपाट उचलावी. पाणी गळून गेलें म्हणजे वरचा थर सुती कापडावर उलटा करावा, फळीखालीं दाबावा व सावलींत वाळवावा. पाणी निघून जातांना कागदाचे तंतु एकमेकांस घट्ट धरतात, म्हणून निराळा डिंक लागत नाहीं. मात्र अशा कागदावर शाई फुटते. त्याकरितां भाताच्या पेजेचा पातळ हात देऊन, वाळल्यावर गुळगुळीत दगडानें घोटावें.

विकतचा जाड कागद घेतला तर घडी घालण्यापूर्वीं त्याची दिशा पाहावी. यंत्रावरील कागदांत तंतु बहुतेक एकाच दिशेला निजलेले असतात. त्याचा लहान चौकोनी तुकडा एका बाजूनें ओला केला म्हणजे तो नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेनें लांब, ती तंतूंची दिशा, आणि घडी त्याच दिशेनें घालावी. आडवी घातल्यास कागद घडीवर तडकतो. पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननें आधीं रेघ दाबून घ्यावी, म्हणजे घडी सरळ येते.

रंगांसाठीं दुकानांत जाण्याचें कारण नाहीं. हळदीचा पिवळा रंग सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांत चुन्याची निवळी मिसळली कीं तोच रंग तांबडा होतो, कारण क्षाराच्या संगतींत हळदीचा रंग पालटतो. फाल्गुनांत पळस फुलतो. त्याचीं फुलें उकळून नारिंगी-पिवळा रंग निघतो. गेरूचा तांबूस व काजळाचा काळा रंग घरींच मिळतो. हळदीचा रंग उन्हांत उडतो, म्हणून तें पत्र पेटींत किंवा पुस्तकांत ठेवण्याजोगें करावें. पानें-फुलें चिकटवावयाचीं असतील तर तीं वर्तमानपत्राच्या घड्यांत जड पुस्तकांखालीं आठ दिवस दाबावीं आणि कागद रोज बदलावा. ओलसर राहिल्यास बुरशी येते. खळ ताजी व पातळ वापरावी. पत्र टपालानें जावयाचें असल्यास त्यावर मणी, टिकल्या, काड्या लावूं नयेत. शिक्का मारतांना त्या मोडतात व पाकीट फाटतें.

परंतु पत्राचा जीव चित्रांत नसून मजकुरांत असतो. येथें कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. ‘होणारें चुकत नाहीं’, ‘दुसऱ्यांचें याहून वाईट झालें’, ‘रडूं नकोस’, अशीं वाक्यें लिहूं नयेत. तीं खोटीं असतात असें नव्हे, पण त्यांनीं समोरच्याचें दुःख लहान ठरतें. आपण देवावर भरंवसा ठेवणारे असलों, तरी दुसऱ्याच्या संकटाचा अर्थ त्याला समजावून सांगण्याची घाई करूं नये. झालें तें साध्या शब्दांत म्हणावें, त्या व्यक्तीची एखादी खरी आठवण लिहावी, आपल्या हातून होईल असें एकच ठराविक काम सांगावें, आणि उत्तराची अपेक्षा ठेवूं नये. ‘कांहीं लागलें तर सांगा’ हें वाक्य बरें दिसतें, पण त्यानें मागण्याचा भार दुःखी माणसावरच पडतो.

नमुन्यादाखल तीन मजकूर देतों. आजारी शेजारणीस: “आजी, शाळेच्या वाटेवर तुमचा ओटा रिकामा दिसतो. तुमच्या तुळशीला मीं रोज पाणी घालतें. ती चांगली टवटवीत आहे.” नापास झालेल्या सोबत्यास: “तूं गणितांत राहिलास हें कळलें. सायकल शिकतांना मी दहा वेळां पडलों तेव्हां तूंच मागें धरून धांवत होतास. रविवारीं वही घेऊन येतों. नको वाटलें तर नुसते गप्पा मारीत बसूं.” शेत वाहून गेलेल्या नातलगास: “मामा, शेतांत पाणी शिरल्याचें ऐकून घरीं कोणाला जेवण गेलें नाहीं. बाबा व मी शनिवारीं दोन खोरीं घेऊन गाळ काढायला येतों. उत्तर धाडण्याची तसदी घेऊं नका.” यांत एकहि अलंकारिक शब्द नाहीं, आणि लिहिलेलें काम मात्र करावयाचेंच आहे. शनिवारीं खोरीं घेऊन न जाणाऱ्याचें पत्र न लिहिलेल्या पत्राहून वाईट.

पत्र केव्हां द्यावें, हाहि महत्त्वाचा प्रश्न आहे. संकटाच्या पहिल्या आठवड्यांत घर माणसांनीं भरलेलें असतें, महिन्याभरानें तें ओस पडतें. म्हणून पहिल्या पत्रानंतर महिन्यानें दुसरें व सणावाराच्या आधीं तिसरें धाडावें, कारण सणाच्या दिवशीं गेलेल्या माणसाची आठवण अधिक टोंचते. वर सांगितलेल्या प्रयोगांतहि पत्रें आरंभीं चार महिने दरमहा, पुढें आठ महिने दोन-दोन महिन्यांनीं व नंतर चार वर्षें तीन-तीन महिन्यांनीं जात असत. गुण एका पत्रांत नसून विसर न पडण्यांत होता.

एक सूचना गंभीरपणें देणें अवश्य आहे. एखाद्या मित्रानें उत्तरांत किंवा बोलण्यांत ‘आतां जगून काय करावयाचें’ असें म्हटलें, तर तें गुपित म्हणून पोटांत ठेवूं नका. त्याच दिवशीं आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगा. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरहि विनामूल्य सल्ला मिळतो. पत्र हें सोबत करतें, परंतु तें वैद्याची जागा घेऊं शकत नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. मूल असें पत्र करावयास बसलें तर त्याला महागडें साहित्य आणून देऊं नका, त्याचें अक्षर पुसून तुम्हीं लिहूं नका, आणि झालेलें पत्र मोबाईलवर चार जणांना दाखवूं नका. दुसऱ्याचें दुःख हा प्रदर्शनाचा विषय नव्हे. तें पत्र द्यावयाचें त्याच्याच हातीं जाऊं द्या. जमल्यास मुलाबरोबर तुम्हींहि त्या घरीं जा, आणि दोन घटका बसा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातीं पैसा नाहीं, अधिकार नाहीं, म्हणून तुम्हांला कोणाचें कांहीं करतां येत नाहीं असें समजूं नका. एक कागद, चिमूटभर हळद आणि अर्ध्या तासाची सवड एवढें भांडवल प्रत्येकाजवळ आहे. आपल्या गल्लींत सध्यां कोणाचें दार बंद असतें, कोणाचें हसणें थांबलें आहे, हें तुम्हांला आमच्याहून आधीं कळतें. या आठवड्यांत त्यांतील एकच नांव मनाशीं धरा आणि त्याच्यासाठीं एकच पत्र करा.