पांढऱ्या पायांचा यजमान

ईशान्य अमेरिकेतील ओक वृक्षांच्या रानांत तपकिरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा आणि पांढऱ्याच पायांचा एक लहानसा उंदीर राहतो. दिवसभर ढोलीत पडून राहावे आणि रात्री बी-फळे वेचीत हिंडावे एवढाच त्याचा व्यवसाय. वजनाने तो जेमतेम वीस ग्रॅम भरतो. असे असता, ज्या लाईम रोगासाठी अमेरिकेत दरवर्षी सुमारे पावणेपाच लाख लोकांवर उपचार होतात असा तेथील आरोग्यखात्याचा अंदाज आहे, त्या रोगाच्या जंतूंचा मुक्काम मुख्यतः या उंदराच्या देहात असतो. लोकांच्या तोंडी मात्र दोषारोपाचा सारा भार हरणाने वाहिला, आणि अजूनही वाहते.

या रोगाची कैफियत प्रथम मांडली ती वैद्यांनी नव्हे, आयांनी. कनेटिकट राज्यातील ओल्ड लाईम या नदीमुखाजवळच्या गावी पॉली मरे नावाच्या चित्रकार गृहिणीचे कुटुंब वर्षानुवर्षे सांधेदुखी, पुरळ आणि थकवा यांनी बेजार झाले होते. प्रत्येक दुखण्याचे तपशीलवार टिपण तिने ठेवले होते, परंतु डॉक्टरांकडून तिची बोळवणच होत असे. १९७५ साली प्रकरण राज्याच्या आरोग्यखात्यापर्यंत गेले आणि तपास येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर या तरुण वैद्याकडे आला. त्यांनी लाईम, ओल्ड लाईम आणि ईस्ट हॅडम या गावांतून ५१ रुग्ण हुडकले, त्यांत ३९ मुले होती. बहुतेकांचे दुखणे उन्हाळ्यात किंवा शरदाच्या आरंभी उद्भवलेले, घरे रानालगतच्या रस्त्यांवरची, आणि सुमारे चतुर्थांश रुग्णांना सांधे सुजण्यापूर्वी अंगावर पसरत जाणारा एक तांबडा चट्टा उठल्याचे स्मरत होते. असाच चट्टा स्वीडनच्या अर्विड आफ्झेलियस यांनी १९०९ सालीच वर्णिला होता आणि गोचिडीच्या चाव्याशी त्याचा संबंध जोडला होता.

जंतू सापडला तो मात्र भलत्याच गोष्टीच्या शोधात. मोंटाना राज्यातील हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्विस शास्त्रज्ञ १९८१ साली न्यूयॉर्क राज्यातील शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी चिरून ठिपक्यांच्या तापाचे जंतू धुंडाळीत होते. ते मिळाले नाहीत, पण गोचिडीच्या आतड्यात पीळदार देहाचे निराळेच जीव त्यांना दिसले. पुढे १९८४ साली त्या जीवाला बोरेलिया बर्गडॉर्फेरी असे त्यांचेच नाव मिळाले.

या गोचिडीचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे, आणि त्यात जेवणे अवघी तीन. अंड्यातून बाहेर पडणारे सहा पायांचे डिंभ जवळजवळ निर्दोष असते, कारण आईकडून त्याला हा जंतू वारसाहक्काने मिळत नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ते भुईलगत वावरणाऱ्या एखाद्या लहान प्राण्याला, बहुधा या उंदराच्याच कानाशी, चिकटते आणि रक्ताबरोबर जंतूही घेते. कात टाकून त्याचे आठ पायांचे अर्भक होते. ते पुढच्या वर्षी मे ते जुलैच्या सुमारास दुसऱ्या जेवणास निघते. खरी मेख येथे आहे. अर्भके आधी जेवतात आणि त्या साली जन्मलेली डिंभे मागाहून. म्हणजे गतवर्षीची पिढी उन्हाळ्याच्या आरंभी उंदरांना जंतू देते, आणि तेच उंदीर ऑगस्टमध्ये तो नव्या पिढीच्या खाती वर्ग करतात. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, मरत नाही, तक्रार करीत नाही. माणूस या व्यवहारात केवळ चुकून सापडतो. खसखशीच्या दाण्याएवढे ते अर्भक त्याच्या गुडघ्यामागे बसले तरी ध्यानी येत नाही.

मग हरणाचे काय? प्रौढ गोचिडी शरदात हरणावर चढतात, तेथेच त्यांचा समागम होतो आणि पुढे मादी हजारांवर अंडी घालते. परंतु हरणाच्या रक्तात हा जंतू तग धरीत नाही. हरीण गोचिडींची संख्या वाढवते, त्यांना जंतू देतो तो उंदीर. एकोणिसाव्या शतकात त्या मुलुखातील बहुतेक अरण्य तोडून शेती झाली होती आणि हरणे नामशेष होत आली होती. शेती सुटली, रान पुन्हा माजले, हरणे परतली, आणि त्याच रानाच्या कडेने माणसांनी बंगले बांधले.

न्यूयॉर्क राज्यातील मिलब्रुक येथे रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मामला झाडापर्यंत नेला. ओकला दर काही वर्षांनी एकदम अलोट फळ येते. त्या फळांवर हिवाळा काढलेले उंदीर पुढच्या उन्हाळ्यात फार माजतात, डिंभांना भरपूर यजमान लाभतात, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी जंतुवाहक अर्भकांचे पीक येते. म्हणजे रोगाचा अदमास दोन वर्षे आधी झाडाखाली वाकून घेता यावा! तर्क सुंदर आहे. पण निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो आणि दर ठिकाणी तो तंतोतंत उतरेलच असे नाही.

न्यू जर्सी किंवा कनेटिकटमध्ये नांदणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. गोचीड चिकटताच जंतू अंगात शिरत नाही. तिच्या आतड्यात ऊन रक्त पोहोचल्यावर तो आपले बाह्य आवरण बदलतो, वाढतो, मग लाळग्रंथींकडे निघतो, आणि या प्रवासात बहुधा दीड दिवस तरी जातो. म्हणून बागेतून आल्यावर मुलांचे अंग तपासावे, आणि गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ उपसावी. गोठ्यातील सवयीने तिच्यावर रॉकेल लावणे किंवा तापलेली काडी टेकवणे सपशेल चुकीचे. चट्टा उठलाच तर डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने रोग वेळीच आटोक्यात येतो.

१९९८ साली निघालेली माणसांची लस मोठी चमत्कारिक होती: टोचलेल्या माणसाच्या रक्तातील प्रतिद्रव्ये रक्ताबरोबर गोचिडीच्या पोटात जाऊन जंतूला तेथेच गाठीत. खप घटल्याने २००२ साली उत्पादकाने ती बाजारातून काढून घेतली. त्यानंतर याच धर्तीची लस आमिषात घालून रानातील उंदरांना चारण्याचे प्रयोग झाले आहेत.