काडतुसाची पितळी पुंगळी चांगली कशी ओळखायची?

आमच्या नवी मुंबईत पावसाळ्यात पितळी समई काळवंडते. पण काडतुसाची पुंगळी तर चक्क तडकायची! ब्रिटिश फौज पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायची. पुंगळ्यांना भेगा का पडतात, हे कोडं १९२१ मध्ये सुटलं: पितळ (७०% तांबं, ३०% जस्त) ओढून घडवताना आत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया. उपाय सोपा, पितळ तापवून ताण घालवायचा.

म्हणून पुंगळीच्या तोंडाशी निळसर-तपकिरी छटा दिसली तर घाबरू नका, ती तापवल्याची खूण आहे. तोंडाला भेग किंवा बुडाजवळ चमकदार कडं दिसलं, तर मात्र पुंगळी बाद! फुटली तर गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. साफ करायला अमोनियावालं क्लीनर नकोच.

आणि हो, भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. व्हिडिओ बघून घरी प्रयोग नको!