टॅब दाबल्यावर उत्तर कोण देतं?

डेबियन किंवा उबुंटूच्या टर्मिनलवर ‘एपीटी इन्स्टॉल’ लिहा, पुढे ‘लिब्रेऑफ’ एवढीच अक्षरं टाका आणि टॅब दोन-तीनदा दाबा. लिब्रेऑफिसच्या कुळातली पॅकेजं रांगेनं पडद्यावर येतात. आता ‘इन्स्टॉल’च्या जागी ‘रिमूव्ह’ लिहा आणि पुन्हा तेच करा. यादी एकदम आखडते. तुमच्या संगणकावर जी पॅकेजं आधीच आहेत तेवढीच दिसतात. एन्टर अजून दाबलेलंही नाही, मग तुमचा इरादा यंत्राला कळला कसा?

टॅब दाबताक्षणी बॅश, म्हणजे टर्मिनलमधला शेल, ती अर्धवट ओळ शब्दाशब्दांत फोडतो, कर्सर कितव्या शब्दावर आहे ते बघतो आणि सगळं एका छोट्या फंक्शनच्या हवाली करतो. एपीटीसाठीचं फंक्शन आधी क्रियापद तपासतं. ‘इन्स्टॉल’ असेल तर ते एपीटीच्या साठवलेल्या यादीत शोधतं, ‘रिमूव्ह’ असेल तर बसवलेल्या पॅकेजांच्या डीपीकेजीकडच्या नोंदी चाळतं. डेबियन 12 मध्ये 64,000 हून अधिक पॅकेजं आहेत, तरी त्यांतून जुळणारी नावं क्षणात हाती येतात, कारण हा शोध इंटरनेटवर जातच नाही. यादी ‘एपीटी अपडेट’नं आधीच उतरवून ठेवलेली असते.

पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपची रीत मला याहून देखणी वाटते. तिथलं फंक्शन स्वतः काहीच जाणत नाही. ते थेट पिपलाच हाक मारतं, ‘काम करू नकोस, इथे काय काय चालेल तेवढं सांग’ अशी खूण एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देतं, आणि पिप पर्याय सांगून थांबतो. त्यामुळे पिपमध्ये नवा पर्याय आला की टॅबलाही तो आपोआप कळतो.

अर्धा शब्द पुरा करून देण्याची युक्ती 1970 च्या सुमारास अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीच्या टेनेक्स या प्रणालीत होती. टीसीशेल या शेलच्या नावातला ‘टी’ तिचाच. बॅशमध्ये मात्र प्रत्येक आज्ञेसाठी वेगळं फंक्शन जोडायची सोय 2000 साली, 2.04 या आवृत्तीत आली.

उबुंटूवर ‘बॅश-कम्प्लिशन’ हे पॅकेज बहुधा असतंच. नसेल तर एपीटीनं टाका. पिपसाठी ‘पिप कम्प्लिशन --बॅश’ चालवून जे छापून येईल ते ‘.बॅशआरसी’च्या शेवटी जोडा आणि नवं टर्मिनल उघडा. आणि तेवढ्यावर थांबू नका. छापून आलेलं ते फंक्शन जेमतेम काही ओळींचं आहे, ते एकदा नीट वाचाच.