घरी बांधलेला फोटो अल्बम

हाताने केलेल्या अल्बमची खरी परीक्षा कण्यापाशी होते. फोटो लावले की पाने जाड होतात, कणा तेवढाच राहतो आणि अल्बम तोंड वासून बसतो. म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये कण्याच्या बाजूला इंचभर रुंद कागदी पट्टी घालतात. पट्ट्यांसकट दाभणाने चार-पाच भोके पाडून मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवले, की बांधणी पक्की. पुठ्ठ्यावर चढवायला खणाचा तुकडा झकास दिसतो.

पाने आम्लरहित कागदाची असावीत. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन उरते. तो पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डागाळतो. कात्रणाऐवजी त्याची चांगल्या कागदावरची प्रत लावावी. एसटीच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाचेही तेच, कारण त्यावरची उष्णतेने उमटलेली अक्षरे काही वर्षांत उडतात.

फोटो चिकटवण्यापेक्षा कागदी कोपऱ्यांत अडकवणे शहाणपणाचे. काळ्या पानांच्या जुन्या अल्बमांत हेच होते, मध्ये बटर पेपरही असे. नंतरच्या चिकट पानांच्या अल्बमांनी सोय केली खरी, पण त्यांतले फोटो आता सोलून काढावे लागतात. हा मोह तसा जुनाच: मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचे पेटंट घेतले होते.

फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने पूर्ण नाव, गाव आणि साल लिहावे. नुसते ‘आत्या, नाशिक’ लिहिले, तर नातवंडांना ती आत्या कोणाची हेच कळत नाही.