चढणीवरची शिकार

तपकिरी अस्वल माशामागे धावत सुटले, तर बहुधा उपाशीच राहील. वाहत्या पाण्यात मासा त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ असतो. अस्वलाचे सारे कसब जागा निवडण्यात आहे. नदी जिथे माशाला अडवते, दमवते किंवा उथळ पाण्यात उघडा पाडते, तिथे ते आधीच जाऊन उभे राहते.

अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातली ब्रुक्स नदी दोन तलावांना जोडते. तिची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, आणि मध्ये दोन मीटरांच्या आसपास उंचीचा एक धबधबा. जूनअखेरीपासून सॉकआय जातीचा सॅमन समुद्रातून अंडी घालायला वर चढतो आणि या धबधब्यावर उड्या घेऊ लागतो. काही अस्वले धबधब्याच्या माथ्यावर, अगदी कडेला उभी राहतात आणि उडालेला मासा जबड्यात पकडतात. अशा जागा मोजक्याच असल्याने त्या बहुतेक वेळा दांडग्या नरांकडे असतात. काही अस्वले खालच्या फेसाळ डोहात बसकण मारतात. तिथे नजरेचा उपयोग नसतो. अंगाला मासा लागला की पंजाने तो तळाशी दाबायचा आणि दातांत धरायचा. उथळ पात्रात धाव घेऊन मासा दाबण्याची पद्धतही आहे, पण तिच्यात दमछाक फार आणि नेम थोडा. तरणी अस्वले ती अधिक वापरतात. कोणी पाण्यात तोंड बुडवून शोधते, तर कोणी दुसऱ्याचा मासा सरळ हिसकावते. पिल्ले आईजवळ दोन ते तीन उन्हाळे राहतात आणि नदीवर कुठे, कसे उभे राहायचे हे तिच्याकडे पाहतच शिकतात. ‘ओटीस’ या नावाने प्रसिद्ध झालेले म्हातारे अस्वल डोहातल्या ठरावीक जागी तासन्‌तास बसून राही. या बैठ्या शिकारीवर त्याने उद्यानाची ‘लठ्ठ अस्वल’ स्पर्धा चार वेळा जिंकली!

महाराष्ट्रातले अस्वल या वाटेला जात नाही. त्याचे पोट वाळवी, मुंग्या, मोहाची फुले आणि रानफळे यांवर भरते. हिमालयातले तपकिरी अस्वलसुद्धा मुख्यतः गवत आणि कंदमुळांवर जगते. मासे चढण्याचा हंगाम मात्र ठाणे जिल्ह्यातही असतो, आणि इथे वाटेवर थांबण्याचे काम माणूस करतो. रायगड-ठाणे-पालघरच्या पट्ट्यात माशांच्या या चढण्याला वलगण म्हणतात; घाटावर आणि अन्यत्र ‘चढणीचे मासे’ हा शब्द अधिक चालतो.

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते. वाटेत बारवी तिला मिळते आणि कल्याणच्या परिसरात काळू-भातसाचे पाणी येते. ठाण्याच्या उत्तरेला कशेळी, बाळकुम, कोलशेत या गावांच्या अंगाने ती खाडी होऊन वसईकडे जाते. आज महामार्गांच्या पुलांनी वेढलेले माजिवडा याच पट्ट्यातले गावठाण. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की ओढे गढूळ होतात, पाणी थंडावते, प्रवाह वाढतो. नदी, डोह आणि खाडीतले अंड्यांनी भरलेले मासे हा इशारा ओळखतात. मरळ, शिंगाळी, खवली हे गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत आणि तिथून भाताच्या खाचरांत शिरतात. खाडीतली चिवणी भरतीबरोबर वर सरकते. नुकत्याच भिजलेल्या खाचरात पाणी उथळ आणि उबदार असते, किडे-शेवाळाची रेलचेल असते, मोठे शिकारी मासे कमी असतात. पिल्लांना वाढायला यापेक्षा बरी जागा नाही.

पुराच्या इशाऱ्याशिवाय अंडी न घालण्याचा हट्ट किती पक्का असतो, हे मत्स्यशेती करणाऱ्यांनी चांगलेच अनुभवले आहे. रोहू, कटला, मृगळ हे कार्प मासे साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. म्हणून त्यांचे बीज पूर्वी नद्यांतूनच गोळा करावे लागे. 1957 साली हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालवून घेतली, तेव्हा ही अडचण सुटली. सुईने जे साधले, ते वलगणीत मृगाचा पाऊस फुकटात करतो.

वलगणीची शिकार बहुधा रात्री होते. पाऊस कोसळत असतानाच लोक बॅटऱ्या, कोयते आणि जाळी घेऊन निघतात. ओढ्यात पाग फेकतात. बांधाचे पाणी जिथून उतरते त्या तोंडाशी बांबूचा सापळा लावतात. घोट्याभर पाण्यात खळबळ दिसली की कोयत्याचा घाव घालतात किंवा हातानेच मासा दाबतात. बांधाचे तोंड म्हणजे खाचराचा धबधबाच: मासा तिथे अडतो, उड्या घेतो आणि दिसतो. चांगली जागा कोणती हे घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते, आणि तिच्यावरून कुरबुरीही होतात.

दोन्ही शिकाऱ्यांच्या आवडीही जुळतात. मासे मुबलक असले की अस्वल पूर्ण मासा खात बसत नाही. सर्वांत चरबीदार भाग, म्हणजे अंडी आणि मेंदू, खाऊन उरलेला टाकून देते. वलगणीची चिवणीही गाबोळीसाठीच, म्हणजे अंड्यांसाठीच, वाखाणली जाते.

फरक पुढे पडतो. पॅसिफिक महासागरातला सॅमन आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो. हंगामाच्या उत्तरार्धात अस्वलाला मिळणारे बरेचसे मासे आपले काम उरकलेले, मरणाच्या दारातले असतात. अर्धवट खाल्लेले मासे काठावर कुजतात आणि समुद्रातले नत्र झाडांच्या मुळांपर्यंत पोचते. वलगणीचा मासा असा संपणारा नाही. तो वाचला, तर पुढच्या मृगात पुन्हा चढेल. पण त्याला पकडले जाते ते अंडी घालण्याआधी, पोट भरलेले असताना.

म्हणून सगळा दोष कोयत्यावर टाकणे मात्र अन्यायाचे. पहिल्या पावसाच्या दोन-चार रात्रींत हाताने होणारी शिकार ही जुनीच गोष्ट आहे. त्या मानाने बारवी आणि भातसा धरणांच्या भिंती, सांडपाण्याने काळी झालेली वालधुनी नदी आणि घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भरावाखाली गेलेली शेते नवी आहेत. मासा वर चढायला निघाला, तरी पोचायला खाचरच उरलेले नसते. कायद्याची नजरही इथवर पुरेशी येत नाही. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. बांधाच्या तोंडाशी लावलेला बांबूचा सापळा त्या मनाईत बसत नाही.